कांचेंतील पाणी आणि त्याचा श्वास

घरांतील वीज अकस्मात् गेली म्हणजे दिवे विझतात, पंखे थांबतात आणि मंडळी मेणबत्ती शोधूं लागतात. या गडबडींत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतील माशांची कांचपेटी सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिच्यांतील बुडबुड्यांचा आवाज थांबलेला असतो. परंतु एखादा आवाज सुरू झालेला जितका चटकन् कळतो, तितका तो बंद पडलेला कळत नाहीं. पहांटे वीज परत येते, दिवा लागतो, आणि पाण्यावर कांहीं मासे उलटे तरंगत असलेले दिसतात. वीज गेली म्हणून मासे गेले, असा निकाल घरांतील मंडळी देतात आणि त्यावर चर्चा संपते.

इतिहासाच्या दृष्टीनें हा निकाल अपुरा आहे. मासे कांचेंत पाळण्याची विद्या ज्या काळीं जन्मास आली, त्या काळीं कोणाच्याहि घरांत वीज नव्हती. तरीहि कांहीं लोकांच्या भांड्यांतील मासे वर्षानुवर्षें जगत आणि कांहींच्या भांड्यांतील आठवडाभरांत मरत. असें कां व्हावें, याचा शोध सुमारें ऐशीं वर्षें चालला होता. त्या शोधाचा वृत्तांत ज्यास ठाऊक आहे, त्याला अंधारांत काय करावें हें फारसें विचारावें लागत नाहीं.

प्रथम माशाची अडचण समजून घेतली पाहिजे. माशालाहि प्राणवायु लागतो, आणि तो त्याला पाण्यांत विरघळलेला असाच मिळवावा लागतो. एक लिटर हवेंत सुमारें २८० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. वीस अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यांत तो फार तर नऊ मिलिग्रॅम मावतो, आणि तीस अंशांवर साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे हवेंत राहणाऱ्या प्राण्याच्या मानानें मासा मूळचाच दरिद्री. त्यांतहि उन्हाळ्यांत त्याची मिळकत घटते, आणि ऊब वाढली कीं शरीराचा व्यापार जलद चालूं लागल्यामुळें त्याचा खर्च मात्र वाढतो. ही मिळकत पाण्यांत शिरते ती मुख्यतः एकाच वाटेनें, पाण्याच्या पृष्ठभागांतून. पंपाचे बुडबुडे पाण्यांत प्राणवायु ओततात अशी पुष्कळांची समजूत असते. त्यांचें मोठें काम निराळेंच आहे. ते तळचें शिळें पाणी वर आणतात, पृष्ठभाग हलता ठेवितात आणि हवेशीं त्याची गांठ घालून देतात.

हें ज्ञान हातीं येण्यापूर्वीं सोनेरी मासे चीनमधून युरोपांत जाऊन पोहोंचले होते, आणि श्रीमंतांच्या घरीं ते कांचेच्या गोल भांड्यांत ठेवण्याची चाल पडली होती. मासा तोंड वर काढून धापा टाकूं लागला कीं नोकर पाणी बदली. पाणी कां बिघडतें, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर माशांच्या अभ्यासांतून आलें नाहीं. इंग्लंडांतील लीड्स शहरीं जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकानें १७७१ सालीं एका बंद भांड्यांत मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्या बिघडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेविली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती नीट जळूं शकली. श्वासानें किंवा ज्योतीनें बिघडलेली हवा वनस्पति सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें यान इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ मध्यें या निष्कर्षास एक महत्त्वाची मर्यादा घातली. पाण्यांत बुडविलेल्या पानांवर बुडबुडे धरतात ते उजेडांतच, आणि अंधारांत वनस्पतीहि प्राण्यांप्रमाणेंच हवा दूषित करिते, हें त्यानें अनेक प्रयोगांनीं दाखविलें. घरांतील मत्स्यपेटीच्या मालकानें हें वाक्य लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पेटींत हिरवीगार झाडें आहेत म्हणून वीज गेल्यावर मासे सुरक्षित राहतील, ही समजूत दिवसा थोडीफार खरी असते. रात्रीं तींच झाडें माशांच्या पंगतीस बसतात.

प्रयोगशाळेंतील हें ज्ञान जिवंत प्राण्यांच्या भांड्यापर्यंत यावयास आणखी अर्धशतक लोटलें. सिसिली बेटांतील मेसिना बंदरीं राहणाऱ्या जान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच विदुषीनें १८३२ च्या सुमारास कांचेच्या पेट्यांत समुद्राचें पाणी भरून आर्गोनॉट नांवाचा अष्टपाद प्राणी पाळला. तो आपला शिंपला दुसऱ्या प्राण्यापासून चोरतो कीं स्वतः बनवितो, या जुन्या वादाचा निर्णय तिनें त्या पेट्यांतून लावला. तो स्वतःच शिंपला बनवितो, असें सिद्ध झालें. परंतु तिच्या दारांतच समुद्र होता. पाणी बिघडलें तर नवें आणतां येई. समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत काय करावयाचें, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर लंडनमधील एका घरांत निघालें. वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध ॲबेंतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन ही १८४६ मध्यें टॉर्की येथील समुद्रकांठीं गेली असतां तेथील जिवंत प्रवाळ पाहून मोहित झाली. प्रवासांत ते प्राणी एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून तिनें सुईदोऱ्यानें ते स्पंजाला टांचले, आणि भांड्यांत घालून लंडनला आणले. समुद्राचें ताजें पाणी वरचेवर आणविणें गैरसोयीचें होतें. तेव्हां तिनें असलेलेंच पाणी पुन्हां जिवंत करण्याची युक्ति काढली. तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत उंचावरून ओती. पडणाऱ्या धारेबरोबर हवा पाण्यांत मिसळे आणि प्रवाळ टिकून राहत. पुढें त्यांच्या सोबतीला समुद्रांतील शेवाळ ठेवण्याचाहि प्रयोग झाला, आणि हा संसार सुमारें तीन वर्षें चालला. या कामाचा मान ॲना थिनला मिळाला व तो योग्यच होता. पण पाण्याला श्वास देणारे हात मोलकरणीचे होते. आजचा विजेचा पंप जें काम करितो, तें त्या हातांनीं प्रथम केलें.

त्याच सुमारास लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोहोंचत होता. १८४९ सालीं त्यानें एका मोठ्या कांचपात्रांत वाळू व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. कांहीं दिवस सर्व सुरळीत चाललें. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. वॉरिंग्टननें पाणी फेंकून दिलें नाहीं. तळ्यांत सडकीं पानें कोण खातें, याचा त्यानें विचार केला आणि पात्रांत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें खाल्लीं, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून मिळालीं. १८५० च्या मार्च महिन्यांत त्यानें हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढें मांडला. एवढ्या मोठ्या पात्रांत दोनच लहान मासे, हा या प्रयोगांतील सर्वांत महत्त्वाचा आंकडा होय. त्याचें पात्र यंत्रावांचून चाललें, कारण मुळांतच त्याच्यावर फार ओझें टाकलेलें नव्हतें.

लोकांनीं मात्र वॉरिंग्टनचें यश उचललें आणि त्याचा संयम मागें ठेविला. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ निघाला, आणि ॲक्वेरियम हा शब्द इंग्लंडांत घरोघर पोहोंचला. उन्हाळ्याच्या सुट्टींत समुद्रकांठीं जावें, दिसेल तो प्राणी बादलींत भरावा आणि घरच्या पेटींत सोडावा, असें वेडच कांहीं वर्षें पसरलें. ज्या पेटींत चार प्राणी जगावयाचे तेथें चाळीस कोंबले गेले. उन्हाच्या बाजूच्या खिडकींत पेटी ठेविल्यामुळें पाणी तापलें. एक प्राणी मेला कीं त्याच्या कुजण्यानें इतर मेले. घरांत दुर्गंधि सुटली आणि १८६० नंतरच्या दशकांत हें वेड ओसरलें. त्या पेट्यांत बंद पडेल असें यंत्रच नव्हतें. तरीहि प्राणी मेले ते मुख्यतः गर्दीमुळें आणि उष्णतेमुळें. आज वीज गेल्यावर घरच्या पेटींत नेमकें हेंच घडतें.

गर्दी कमी करावयाची नसेल, तर यंत्राचें साहाय्य घेणें प्राप्तच होतें. विल्यम आल्फर्ड लॉइड यानें तें घेतलें. हॅम्बुर्ग येथें १८६४ मध्यें आणि लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस येथें १८७१ मध्यें उघडलेल्या मत्स्यालयांत त्यानें पाणी सतत फिरतें ठेवण्याची योजना अमलांत आणली. क्रिस्टल पॅलेसमध्यें प्रेक्षकांना दिसणाऱ्या पेट्यांतील पाण्यापेक्षां कितीतरी अधिक पाणी खालच्या अंधाऱ्या, थंड हौदांत सांठविलेलें असे. वाफेच्या एंजिनांवर चालणारे पंप तें वर चढवीत आणि तें पेट्यांतून वाहत पुन्हां हौदांत उतरे. पाणी हलविणें हें यंत्राचें काम होतें. पण लॉइडचा खरा विश्वास हौदांतील राखीव पाण्यावर होता. जितकें पाणी अधिक, तितका बिघाड सावकाश, हें सूत्र त्यानें जाणलें होतें.

यंत्राच्या मागोमाग एक अदृश्य मदतनीसहि उजेडांत आला. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषासारखा बाधतो. या अमोनियाचें कमी घातक क्षारांत रूपांतर सूक्ष्म जंतूंमुळें होतें, हें श्लेसिंग आणि म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ मध्यें सांडपाण्यावर प्रयोग करून दाखविलें. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ते जंतु वेगळे काढले. हेच जंतु आज पेटीच्या गाळणींतील स्पंजावर आणि खड्यांवर वस्ती करून असतात. त्यांनाहि प्राणवायु लागतो, हें बहुतेक घरांत ठाऊक नसतें. पंप थांबला कीं बंद डब्याच्या गाळणींतील पाणी वाहत नाहीं, कांहीं तासांत तेथील प्राणवायु संपतो, जंतु मरूं लागतात आणि तेथेंच घाण कुजूं लागते. मग वीज परत येते, पंप आपोआप सुरू होतो आणि तें कुजकें पाणी एकदम पेटींत ढकलतो. रात्रभर कसेबसे टिकलेले मासे सकाळीं वीज आल्यानंतर मरतात, त्यांतील पुष्कळ मृत्यूंचें कारण हें असतें.

विसाव्या शतकांत वाफेची जागा विजेनें घेतली. घरगुती पंप लहान व स्वस्त झाले, आणि पूर्वीं दोन मासे ठेवावयाच्या पेटींत वीस ठेवतां येऊं लागले. यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु हे अठरा मासे उसन्या श्वासावर जगत असतात, आणि विजेचा प्रवाह तुटला कीं तें उसनें त्याच क्षणीं परत मागितलें जातें.

मोठ्या संस्थांनाहि ही मागणी चुकलेली नाहीं. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरावर २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना वादळ कोसळलें. मिसिसिपी नदीच्या कांठचें तेथील मत्स्यालय वादळांतून उभें राहिलें. सेवक तेथें कांहीं दिवस थांबले, पण शहरांतील परिस्थिति बिघडल्यामुळें त्यांना निघून जावें लागलें. पुढें विजेचें जनित्र बंद पडलें आणि हजारों मासे मेले. पेंग्विन व समुद्री ऊद हे मात्र वांचले आणि त्यांना कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें हलविण्यांत आलें. ते हवेंत श्वास घेणारे प्राणी होते. पाण्याचा श्वास थांबल्यानें त्यांचा श्वास थांबला नाहीं. जपानमध्यें ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या समुद्राच्या लाटेनें फुकुशिमा प्रांतांतील इवाकी येथील मत्स्यालयाची अशीच दैना केली. इमारत उभी होती, परंतु वीज गेली, राखीव जनित्राचें इंधन संपलें आणि सुमारें दोन लाख जलचर मेल्याचें जाहीर झालें. तेथेंहि सील, वॉलरस यांसारखे प्राणी दुसरीकडे नेऊन वांचवितां आले. न्यू ऑर्लिन्सचें मत्स्यालय २००६ च्या मे महिन्यांत आणि इवाकीचें २०११ च्या जुलै महिन्यांत पुन्हां उघडलें. दोन्ही ठिकाणीं कांच फुटून मासे मेले नव्हते. पाणी पेट्यांत होतें, तें हलविणारें कोणी उरलें नव्हतें.

महाराष्ट्रालाहि हा अनुभव अपरिचित नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, विजेचे खांब आडवे झाले आणि कोंकणांतील कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासच्या मोठ्या भागाची वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या आणि पुरवठा पूर्ववत् होण्यास कांहीं तास लागले. वीज कधींच जात नाहीं असें ज्या शहराविषयीं अभिमानानें सांगण्यांत येई, तेथेंहि पेटीचा पंप थांबूं शकतो, हें त्या दिवशीं दिसलें.

परंतु पंपावांचून मासे जगविण्याची कला या देशांत कधींच नष्ट झाली नव्हती. बंगालमध्यें नद्यांतून गोळा केलेलीं माशांचीं पिलें हंड्यांत भरून आगगाडीनें दूरदूरच्या प्रांतांत नेण्याची पद्धति होती. हंडीजवळ बसलेला माणूस वाटभर हातानें पाणी हलवीत व उडवीत राही. पुढें प्राणवायु भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि हें काम सोपें झालें. तरी लंडनच्या खिडकींतील मोलकरीण आणि आगगाडींतील हा हंडीवाला, दोघेंहि एकच शास्त्र आचरीत होतीं. बाजारांत थोड्याशा पाण्यांत तासन् तास जिवंत राहणारे मरळ आणि मांगूर हे मासे मात्र निराळ्या जातीचे. त्यांना पृष्ठभागावर येऊन हवा घेतां येते. घरच्या पेटींतील गुरामी आणि फायटर हेहि त्यांच्यासारखेच, आणि म्हणूनच वीज गेल्यावर ते सोनेरी माशांपेक्षां अधिक काळ टिकतात.

या साऱ्या इतिहासांतून वीज गेलेल्या घरानें करावयाच्या गोष्टी सहज निघतात. पेटीचें झांकण प्रथम काढावें. माशांना खाणें घालूं नये. निरोगी, मोठा मासा दोन-चार दिवस उपाशी राहूं शकतो, पण पचनाला प्राणवायु अधिक लागतो आणि उरलेलें अन्न कुजतें. स्वच्छ, साबण न लागलेल्या तांब्यानें पेटींतीलच पाणी घेऊन तें वीतभर उंचीवरून परत ओतावें. दर तासाला कांहीं मिनिटें हें काम करावें, आणि मासे पृष्ठभागाशीं धापा टाकीत असतील तर थांबूं नये. घरांतील मंडळींनीं रात्रीच्या पाळ्या वांटून घेतल्या तर एकावर भार पडत नाहीं. गोल भांडें तोंडापर्यंत भरलेलें असेल, तर तें सर्वांत रुंद भागापर्यंत रिकामें करावें. पाणी कमी झालें तरी हवेला टेकणारा पृष्ठभाग वाढतो. उन्हाळ्यांत पेटीच्या बाजूंना ओलें फडकें लावावें, परंतु पाण्यांत एकदम बर्फ टाकूं नये. बंद गाळणी कांहीं तासांनंतर उघडावी, तिच्यांतील स्पंज पेटीच्या पाण्याच्या उथळ ताटांत ओला पण हवेशीर ठेवावा, आणि वीज आल्यावर गाळणी धुवूनच सुरू करावी. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांना व त्या जंतूंना दोघांनाहि घातक असतो. म्हणून एक-दोन बादल्या पाणी आधींच उघडें ठेवून मुरविलेलें असावें. नळाच्या पाण्यांत क्लोरॅमीन मिसळलेलें असेल, तर मात्र तें नुसतें ठेवून जात नाहीं व त्यासाठीं मिळणारें औषध घालावें लागतें. लॉइडचा हौद घरांत बांधतां येत नाहीं, पण दोन बादल्या प्रत्येकाला ठेवतां येतात. बॅटरीवर चालणारा लहान पंपहि मिळतो, व तो जवळ असावा. मात्र त्याची बॅटरी महिन्यांतून एकदां तपासून पाहावी.

हे सर्व उपाय अडचणीच्या रात्रीचे आहेत. वॉरिंग्टनचा उपाय त्या रात्रीपूर्वींचा आहे. दुकानांत रंगीत मासे पाहून मुलें आणखी दोघांचा हट्ट धरतात, तेव्हां ही पेटी पंपावांचून एक रात्र यांना सांभाळील काय, एवढें वडील माणसांनीं मनाशीं विचारून पाहावें. उत्तर नाहीं असें येत असेल, तर पेटी भरलेली आहे असें समजावें आणि मुलांना घेऊन घरीं परतावें.